कप्प्याच्या झाकणावरचा टवका

जेवणाच्या टेबलावर गाडीचं लाकूड मांडून ठेवलं होतं, त्यामुळे आता एवढ्या माणसांना जेवायला बसवायचं कुठे, हा थोरल्या सुनेला पडलेला पहिला प्रश्न होता. सासूच्या घरात पाऊल टाकलं की तिला असलेच प्रश्न पडायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी या घरात ती आधी भांड्यांकडे बघायची आणि मग माणसांकडे.

"स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवू," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. थोरली अजून काही बोललीही नव्हती.

टेबलावर जुनी चादर दुहेरी करून अंथरली होती. तिच्यावर डॅशबोर्डची लांब पट्टी, दारांच्या अरुंद पट्ट्या आणि चालकाच्या शेजारच्या सीटसमोर असतो त्या कप्प्याचं झाकण ओळीने ठेवलं होतं. धाकटा दीर सकाळपासून गाडीत डोकं खुपसून क्लिपा सोडवत होता. काही सुटल्या होत्या, काही त्याने तोडल्या होत्या, आणि तुटलेल्या आधीपासूनच तुटक्या होत्या असं तो सगळ्यांना पटवत होता.

लाकूड अक्रोडाचं होतं. निदान सासरे तसं सांगायचे. थोरलीला ते आजवर नुसतं तपकिरी वाटत आलं होतं. उन्हाने वरचा लॅकरचा पारदर्शक लेप दुधाळ झाला होता. किल्लीच्या भोकाशी जुडगा घासून घासून ओरखड्यांचं जाळं झालं होतं. कप्प्याच्या झाकणावर तर चांगला अंगठ्याएवढा टवका उडाला होता आणि आतलं लाकूड राखाडी, निर्जीव दिसत होतं.

सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. गाडीचं वेड त्यांना, पण चालवायची हिंमत कधी झाली नाही. चालवायच्या त्या सासूबाई. ते शेजारी बसून रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्यांना नावं ठेवायचे. आता गाडी नणंदेकडे जायची होती, कारण दोघा भावांकडे स्वतःच्या गाड्या होत्या. ही गोष्ट फोनवरच ठरली होती. दुसरीही एक गोष्ट फोनवर ठरली होती, पण ती सासूबाईंना अजून कोणी सांगितली नव्हती. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं निदान केल्यापासून त्यांना एकटं ठेवायचं नाही, घर बंद करायचं आणि त्यांनी पाळीपाळीने तिघांकडे राहायचं, असं दोघा भावांचं मत पडलं होतं. थोरलीने त्याला मान डोलावली होती. नणंदेला आई कायमची आपल्याकडेच हवी होती, म्हणून ती रुसून बसली होती.

सासूबाईंचा उजवा हात मांडीवर होता आणि थरथरत होता. अंगठा बोटांवर घासत राहायचा, जणू काही तिथे गोळी वळायची आहे. बघणारा नजर चुकवायचा.

"आई, कशाला हा उपद्व्याप?" थोरला म्हणाला. "नवीन पट्ट्या मिळतात. मी मागवतो."

"मिळतात. प्लॅस्टिकच्या. वर लाकडाचं चित्र छापलेलं."

"मग दुकानात टाकू. माणसं आहेत ना त्यातली."

"लाकूड नीट झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते मी करणार."

थोरल्याने बायकोकडे बघितलं. आता तू बोल, असं त्या बघण्यात होतं. थोरलीने पाण्याचा पेला उचलला. सासूसमोर नवऱ्याची वकिली करायची नाही, हा तिने स्वतःशी केलेला जुना करार होता.

लाकूड पुसायचं काम मात्र सगळ्यांना मिळालं. कोमट पाण्यात दोन थेंब साबण, मऊ फडकं, मग कोरडं फडकं. मळ निघाला तसे ओरखडे जास्तच उघडे पडले आणि ते कोणाचे यावरून भावंडांची जुंपली.

"ही रेघ तुझी. पट्टीने तलवारबाजी करायचास मागच्या सीटवर," थोरला धाकट्याला म्हणाला.

"माझी? मी तेव्हा सरळ बसूही शकत नव्हतो. ही ताईची."

"मी दारापाशी कधी बसलेच नाही, तुम्ही दोघं बसू द्यायचात का मला?" नणंद म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. थोरलीला बरं वाटलं. ती स्वतः आईवडिलांची एकुलती एक होती. असल्या भांडणांचा तिला फार हेवा वाटायचा.

सासूबाईंनी कप्प्याचं झाकण पुढे ओढलं, तसं नणंदेचं हसू मावळलं.

"आई, तो टवका राहू दे. बाकी सगळं कर."

"का?"

"बाबांच्या काठीचा आहे तो." नणंदेचा आवाज ओला झाला. "तेवढाच राहिलाय त्यांचा. मी गाडी चालवताना मला तो दिसायला हवा."

"ताईचं बरोबर आहे," धाकटा लगेच म्हणाला. सकाळपर्यंत तो सगळंच बदलून टाका म्हणत होता. "आठवण म्हणून राहू दे, आई."

"आणि त्यातून पाणी जाऊन बाकीचं फुगेल त्याचं काय?" थोरला म्हणाला, म्हणजे आता तो आईच्या बाजूने झाला. या घरात माणसं कोणाच्या बाजूने उभी आहेत ते जेवणाआधी एक आणि जेवणानंतर दुसरं असायचं. थोरलीला त्याची सवय होती.

सासूबाई मुलीकडे शांतपणे बघत होत्या.

"तो टवका म्हणजे तुझे बाबा नव्हेत गं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना शेवटचं हॉस्पिटलात नेत होते, तेव्हाचा आहे तो. चौकात कोणीतरी आडवं आलं. मी ब्रेक दाबला, आणि काठीची मूठ जाऊन आदळली. धड श्वास घेता येत नव्हता, पण त्यांचा हात त्या टवक्यावर. स्ट्रेचर आलं दाराशी तरी उतरेनात. मला म्हणाले, हे तेवढं तू स्वतः कर, दुकानात देऊ नकोस. बस. त्यानंतर नळ्या लावल्या. पुढे काही बोलता आलं नाही त्यांना."

नणंदेने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"आम्ही तुला विचारत होतो," नणंद हळूच म्हणाली. "बाबा शेवटचं काय बोलले. किती वेळा विचारलं."

"काय सांगू? लाकडाबद्दल बोलले म्हणून सांगू? तुम्हाला वाटत होतं, मुलांची नावं घेतली असतील." सासूबाईंनी थरथरता हात दुसऱ्या हाताखाली घेतला. "आज करू, उद्या करू म्हणत मी राहून गेले. गाडीवरचं आच्छादन काढायला मन होईना. आणि तेवढ्यात हा हात असा झाला."

थोरलीने उठून चहा ठेवला, कारण दुसरं काय करावं तिला सुचलं नाही. ओट्याशी उभी असताना तिला सासऱ्यांची एक गोष्ट आठवली. ते सांगायचे, तुझी सासू लग्नाआधी घड्याळाच्या कारखान्यात तबकड्यांवर आकडे काढायची, तांदळाच्या दाण्याएवढा सात काढलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. सासऱ्यांच्या गोष्टींना नेहमीच एखादा मजला जास्तीचा चढलेला असायचा, म्हणून तिने ती तशीच हसण्यावारी नेली होती.

दुपारी सासूबाईंनी गोळी घेतली आणि हात टेकून बसून राहिल्या. "हिचा अंमल चढला की हात थोडा वेळ माझं ऐकतो," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात उरकायला हवं."

तोवर थोरलीने त्या सांगतील तसं टवक्याभोवती कागदी टेप लावली, कडा बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवल्या, राखाडी पडलेल्या जागी फडक्याने तपकिरी रंग लावून घेतला. रंग लागताच लाकडाचा तो कोरडेपणा गेला, पण टवका अजून टवकाच होता. तपकिरी डाग, आजूबाजूला लाकडाच्या शिरा, आणि मधे काहीच नाही.

"सरक," सासूबाई म्हणाल्या. "ती पुस्तकं दे मनगटाखाली घ्यायला. खिडकीचा पडदा बाजूला कर. आणि माझ्यासमोर बस."

त्यांनी ब्रश उचलला. त्याला केस होते की नाही अशी शंका यावी इतका बारीक. हवेत असताना तो थरथरत होता. थोरलीने नकळत स्वतःचा हात पुढे केला, सांडलं तर धरायला. ब्रश लाकडाकडे खाली आला आणि हात थांबला.

हळूहळू नाही, एकदम. हलता लंबक कोणी बोटाने धरावा आणि तो होता तिथेच थबकावा, तसा. थोरली बघत राहिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं हे. रिकामा हात थरथरतो, कामाला लागला की पुष्कळदा शांत होतो, असं ते म्हणाले होते, तेव्हा ती तिथेच खुर्चीवर बसलेली होती. ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. त्यानंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून या बाईच्या हातातली सगळी कामं काढून घेतली होती. भाजी चिरणं, किल्ल्या, चहाचं भांडं. प्रेमानेच. आणि तो हात दिवसभर मांडीवर रिकामा थरथरत होता.

"माझी नजर आता तेवढी चालत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू सांग. ही शीर इकडून आत शिरते. पलीकडे कुठे बाहेर पडते?"

थोरली झाकणावर वाकली. आधी तिला काही दिसेना. मग दिसायला लागलं. जे तिला इतकी वर्षं नुसतं तपकिरी वाटत होतं, त्यात काळसर, तांबूस, मधाच्या रंगाच्या रेषा होत्या. एका गाठीभोवती त्या वळसे घेत होत्या, आणि प्रत्येक रेष कुठूनतरी येऊन कुठेतरी जात होती.

"ही... ही इथे निघते. जरा वर. मधे एक वळण असणार."

"असणारच. गाठीला वळसा घातल्याशिवाय कशी जाईल?"

रेष निघाली. एका श्वासाएवढी लांब, शेवटी निमुळती होत पलीकडच्या खऱ्या शिरेला भिडली. कुठे भिडली ते थोरलीला समोर बसूनही सापडेना.

"सहीचं आठवतं?" सासूबाई म्हणाल्या.

थोरलीला आठवत होतं. बँकेत सही जुळत नव्हती. अक्षर इतकं बारीक झालं होतं की शेवटच्या अक्षरापर्यंत जाता जाता नुसता ठिपका उरायचा. काउंटरमागच्या मुलीने पुन्हा करा, पुन्हा करा म्हटलं होतं.

"या दुखण्यात हात लहान लहान लिहायला लागतो. मोठं काढायला जावं तर जमत नाही." त्यांनी ब्रशचं टोक कापडाला टिपलं. "हे लहानच काढायचंय. दुखण्याला म्हटलं, ये आता कामाला."

आणि त्या खुदकन हसल्या. बाकीचे तिघे कधी येऊन मागे उभे राहिले, तिला कळलंच नव्हतं. थोरला नवऱ्यासारखा नाही, शाळेतल्या मुलासारखा तोंड उघडं टाकून उभा होता.

काही रेषा झाल्यावर सासूबाईंनी पारदर्शक लॅकरचा एक थेंब टवक्यात सोडला. थेंब पसरला, आणि कागदावरच्या चित्रासारखी सपाट दिसणारी ती रेषांची नक्षी खाली गेली. खरंच खाली गेली. स्वच्छ पाण्याच्या तळाशी दिसावी तशी आत, खोल दिसायला लागली.

"अगं बाई," नणंद म्हणाली.

"अजून व्हायचंय," सासूबाई म्हणाल्या. "हा थर वाळला की त्याच्यावर आणखी काही. सगळ्या शिरा एकाच पातळीवर नसतात."

थर वाळेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा चार रेषा, पुन्हा थेंब. शेवटच्या थराआधी ब्रश हवेतच पुन्हा थरथरला, आणि या वेळी लाकडावर आणल्यावरही थांबला नाही. सासूबाईंनी तो लगेच बाजूला ठेवला.

"झालं. आता नाही ऐकायचा." त्यांनी ब्रशची दांडी थोरलीकडे वळवली. "एक राहिलीय. ही, कडेची. तू काढ."

"मी? आई, मला साधी रांगोळीची रेघ सरळ येत नाही."

"सरळ कोणी सांगितलीय? मग काय या दोघांना देऊ?"

दोघे एकदम मागे सरकले. थोरलीने श्वास रोखला आणि ब्रश टेकवला. रेष जाड आली. सासूबाईंनी ओल्या कापडाच्या टोकाने पुसली. पुन्हा काढली. ही थोडी बरी होती, पण मधे फुगली होती.

"असू दे," सासूबाई नीट बघून म्हणाल्या. "झाडात असते अशी एखादी."

या घरात आल्यापासून सासूने तिची केलेली ही बहुधा सर्वांत मोठी स्तुती होती. थोरली ब्रश धुवायला म्हणून मोरीत गेली आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी सगळे खरोखरच ओट्याशी उभं राहून जेवले. थोरल्याने घसा साफ केला तेव्हाच तिला कळलं, आता हा विषय काढणार.

"आई, आम्ही असं ठरवत होतो की आता इथे एकटीने राहायचं नाही तू. घर बंद करू. आळीपाळीने आमच्याकडे..."

"माझ्याकडे," नणंद म्हणाली.

"आळीपाळीने, ताई. फोनवर ठरलंय आपलं."

"माझ्या बॅगेतच राहायचं म्हणा की मी," सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही. सगळ्यांनी पानात बघितलं.

"आईंनी फिरायचं नाही," थोरली म्हणाली. "फिरायचं तर आपण फिरायचं."

थोरला वळला. "तूच म्हणाली होतीस ना..."

"म्हणाले होते. आज नाही म्हणत." तिला स्वतःचाच आवाज नवा वाटत होता. "त्यांच्या हाताला इथलं सगळं माहीत आहे. कुठला दिवा कुठे, कुठली पायरी उंच. आपण उचलून नवीन घरात नेऊन ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, आईंना काही जमत नाही. आपण पाळीने इथे यायचं. इथून मला कामावर जाणं लांब पडेल, पण पडू दे."

"पहिली मी येते," नणंद म्हणाली. आई कायमची आपल्याकडे यायला हवी हे ती जागच्या जागी विसरली होती.

"आणि पडली तर? गॅस चालू राहिला तर?" थोरल्याचा आवाज चढला. "तुम्हाला सगळ्यांना आज एक टवका बुजलेला दिसलाय, म्हणून हे चाललंय. दुखणं बुजलेलं नाही. मला झोप लागत नाही, माहितेय? फोन वाजला की आधी आईचा नंबर आहे का ते बघतो."

हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"तू खरं बोलतोयस," सासूबाई म्हणाल्या. "मी पडेन. कधीतरी पडेनच. तुझ्याकडे आले तरी पडेन. आणि हे दुखणं वाढणार, तेव्हा मी स्वतः सांगेन की आता न्या मला. पण आज नाही." त्यांनी डाव्या हाताने त्याच्या पानात थोडा भात वाढला, तो सांडला नाही. "झोप लागत नाही ना? मग पहिली पाळी तुझी. इथे झोप."

धाकटा हसला आणि त्याला ठसका लागला. थोरला बराच वेळ भात कालवत राहिला. "बायकांनी मिळून ठरवलंय म्हटल्यावर काय," एवढंच तो पुटपुटला. तेवढ्यावरून थोरलीला समजलं, की झालं.

दुसऱ्या दिवशी लॅकर पक्कं सुकलं होतं. टवक्याच्या जागी आता उलट छोटा उंचवटा होता. सासूबाईंनी पोरांना कामाला जुंपलं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, अलगद घासायचं. आधी बारीक, मग त्याहून बारीक, मग इतका बारीक की हाताला कागदच वाटावा. घासताना सगळं पांढुरकं, धुरकट झालं तेव्हा धाकटा घाबरला.

"वाटोळं केलं मी!"

"गप्प बस आणि पॉलिश लाव."

मऊ कापडावर पॉलिश घेऊन तो गोल गोल घासत राहिला. मग पुसलं. धुकं निघून गेलं, आणि लाकूड वर आलं. सगळ्याच पट्ट्यांवरचं वर्षानुवर्षांचं दुधाळपण गेलं होतं, ओरखड्यांचं जाळं नाहीसं झालं होतं. थोरलीला वाटलं, मोठ्याने बोललं तर बरं दिसणार नाही.

"डोळे मिटून सांगतो टवका कुठे होता," धाकटा शेवटी म्हणाला. त्याने डोळे मिटले, बोट फिरवलं, थांबला. "इथे. इथे जरा लागतंय."

त्याने डोळे उघडले. बोट भलत्याच कोपऱ्यावर होतं, जिथे लाकडाला कधी काहीच झालेलं नव्हतं. नणंदेने झाकण स्वतःकडे ओढून घेतलं, खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरून शोधलं, आणि तिला सापडेना. ती रडेल असं थोरलीला वाटलं होतं. नणंदेने झाकण छातीशी धरलं आणि आईकडे अशी बघत राहिली, जणू तिला आजच पाहत होती.

पट्ट्या पुन्हा बसवायला दुपार गेली. मग सासूबाई म्हणाल्या, चक्कर मारून आणू. गाडी नणंद चालवायला बसली, शेजारी सासूबाई. मागे थोरला, थोरली आणि धाकटा, गुडघे एकमेकांना लागत.

"सरक ना जरा."

"तूच सरक. दारापाशी तू आहेस."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळली. समोरून उतरतं ऊन काचेतून आत आलं, डॅशबोर्डवर पडलं, आणि लाकूड हललं.

थोरलीने डोळे चोळले. खरंच हललं होतं. गाडी वळेल तसा उजेड त्या शिरांवरून सरकत होता. काळ्या रेषा तांबूस होत होत्या, मधाचा रंग एका बाजूने पेटत दुसऱ्या बाजूने विझत होता, गाठीभोवतीचे वळसे फिरत होते. टेबलावर तासन्तास बघूनही यातलं काही दिसलं नव्हतं. मागचं भांडण मधेच थांबलं. नणंदेने गाडीचा वेग कमी केला.

"हे असं होतं?" ती म्हणाली. "पहिल्यापासून?"

"घेतली तेव्हा असंच होतं. तुम्ही झालात तोवर उन्हाने झाकून गेलं होतं." सासूबाईंनी उजवा हात मांडीवरून उचलला आणि कप्प्याच्या झाकणावर ठेवला. बोटं थरथरत होती, आणि त्यांच्याखाली उजेडही. "तुझे बाबा म्हणायचे, मला गाडी चालवायला लावू नकोस, मला हे बघायचंय. मी म्हणायचे, घाबरता म्हणून बहाणे करता."

पुढे वळण होतं. नणंदेने आरशात मागे बघितलं, मागे कोणीच येत नव्हतं, आणि तिने गाडी जितकी सावकाश वळवता येईल तितकी सावकाश वळवली.